कालिपाच्या भिंतीवरचे शब्दांचे खिसे

मित्रांनो, मी किती जुना आहे ते सांगत बसत नाही. जवळ येऊन वास घेतलात तरी कळेल. चुलीचा धूर, मेंढीची चरबी, खडूची भुकटी आणि थोडासा उंदीर. मी एक खिशांचा कापडी तक्ता आहे. किर्गिझ मुलखात, नारीन शहराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका डोंगरी गावात, कालिपाच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीशेजारी टांगलेला असतो. माझ्या डाव्या कोपऱ्याचा खिळा गंजून पडला आणि तो परत ठोकायला कोणाला सवड झाली नाही. त्यामुळे मी एका बाजूला ओघळलेलो आहे. थकवा येतो, पण तक्त्याला बसता येत नाही.

मला शिवलं बुरुलचा एजेनं. बुरुलचा हे तिचं नाव, आणि एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. पण शिकवणाऱ्या बाईला सगळं गावच एजे म्हणतं. बुरुलचा एजे शाळेत जर्मन शिकवायची. या डोंगरात जर्मन कशाला, असं विचारू नका. त्या काळी वरून जे यायचं ते शिकवलं जायचं. मग राज्य बदललं, आणि पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेले परदेशी लोक आमची कुरणं आणि घोडे बघायला येऊ लागले. तेव्हा मुख्याध्यापकांनी एजेला बोलावून सांगितलं, "शाळा उघडली की तू इंग्रजी घ्यायचं."

"मला कुठं येतंय?"

"जर्मन येतं ना? शेजारचीच तर भाषा आहे."

त्या उन्हाळ्यात एजे एक फाटका शब्दकोश आणि एक खरखरणारा रेडिओ घेऊन इंग्रजी शिकली. गाईचं दूध काढताना ती मोठ्यानं वाक्यं म्हणायची. गावात अजून म्हणतात, की आमच्याकडे सगळ्यांत आधी इंग्रजी आलं ते एजेच्या गाईला.

तक्ता करायचा ठरला तेव्हा शाळेत फळा होता, पण खडू नव्हते. पुस्तकं तर नव्हतीच. मग एजेनं पेटी उघडली. आमच्याकडे एखादं म्हातारं माणूस भरलं आयुष्य जगून गेलं, की मयतीला आलेल्या बायकांना कापडाचे तुकडे वाटतात. त्या माणसाचं आयुष्य आपल्याला लागावं म्हणून ते जपून ठेवायचे, आणि पुढे जोडून उशा, गोधड्या, बाळाची झबली शिवायची. एजेच्या पेटीत तिच्या सासूच्या मयतीचा जांभळी मखमल होती, आजीच्या मयतीचं फुलाफुलांचं छीट होतं, शेजारच्या एका खाष्ट म्हातारीच्या मयतीचं हिरवं सॅटिन होतं. ते सगळं माझ्या अंगावर आलं. त्या सगळ्या म्हाताऱ्यांचं आयुष्य मला लागलं असावं. नाहीतर मी अजून टिकलो नसतो.

चहाच्या आणि शेवयांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून एजेनं त्यावर शब्द लिहिले. डावीकडच्या खिशांत क्रिया आणि उजवीकडच्या खिशांत त्यांच्या जोडीचे शब्द. ती मुलांना सांगायची, "इंग्रजीत शब्द सुटे फिरत नाहीत रे. त्यांच्या सोयरिकी ठरलेल्या असतात. मिस्टेक दिलीय मेकच्या घरात. होमवर्क दिलंय डूच्या घरात. तुम्ही मध्येच लग्नं मोडू नका."

मुलं रांगेनं यायची आणि माझ्या खिशांत जोड्या लावायची. बोटं थंडीनं फुटलेली असायची, कधी त्यांना कुमिसचा, म्हणजे आंबवलेल्या घोडीच्या दुधाचा वास असायचा. चुकलं की वर्ग ओरडायचा, "चुकीच्या घरात शिरली!" एकदा जिल्ह्याचे साहेब आले आणि त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "हे खरं शिक्षण," असं ते म्हणाले. एजेचे कान लाल झाले. माझं कौतुक झालं ते तेवढंच, पण त्याच्यावर मी बरीच वर्षं काढली.

मग शाळेला कुठल्याशा संस्थेकडून चकचकीत रंगीत चित्रांचे तक्ते मिळाले. त्यांवर लाल बस आणि छत्रीवाला माणूस होता. माझी गुंडाळी करून मला अडगळीच्या खोलीत टाकलं. छप्पर गळायचं. उंदरांनी हिरव्या सॅटिनच्या खिशात पिल्लं घातली. तक्रार करत नाही. पिल्लांना निदान माझा उपयोग होता.

तिथून मला काढलं कालिपानं.

कालिपाचा नवरा गेल्यावर तिनं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. परदेशी पाहुणे येत, झोपत, खात, घोड्यावरून वर कुरणात जात. कालिपा त्यांच्याशी हातांनी बोलायची. झोप म्हणजे गालाखाली तळवे. भूक म्हणजे पोटावर हात. कोंबडी म्हणजे जे करावं लागायचं ते करताना तिची सून तुर्सुनाय लाजून बाहेर पळायची. शेवटी कालिपा एजेकडे गेली आणि म्हणाली, "एजे, माझे हात दुखायला लागले. मला तोंडानं बोलायला शिकव."

हिवाळ्यात पाहुणे नसतात. त्या दिवसांत दुपारी कालिपाच्या खोलीत वर्ग भरू लागला. समोर चहाचा समोवार, मध्ये बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचं ताट, भिंतीवर मी. कालिपा, तुर्सुनाय, पलीकडच्या घरातली सायराश, आणखी दोघीतिघी. शाळेतल्या मुलांपेक्षा या बायका फार दंगा करायच्या. सायराश तर विचारू नका.

"एजे, हा मेक बघा की! मेक टी, मेक बेड, मेक मनी, मेक नॉइज. किती बायका केल्यात मेल्यानं!"

"श्रीमंत आहे तो. पोसतो सगळ्यांना," एजे म्हणाली.

"आणि टेल? टेल ट्रुथ, टेल लाय. खरं आणि खोटं, दोन्ही एकाच नवऱ्याच्या घरात?"

"सवती आहेत त्या."

"म्हणजे माझ्या एसेनसारखंच. त्याच्याही तोंडात दोघी नांदतात. मला मात्र एकच भेटते." एसेन म्हणजे तिचा नवरा. सगळ्या इतक्या हसल्या, की तुर्सुनायच्या हातातला वाडगा कलंडला. खाष्ट म्हातारीच्या हिरव्या खिशावर अजून तो चहाचा डाग आहे.

बोलण्याच्या क्रिया एजे सगळ्यांत जास्त घोटून घ्यायची. "स्पीक जरा ताठ आहे, त्याला भाषेचं नाव लागतं. स्पीक इंग्लिश, स्पीक किर्गिझ. टॉक गप्पिष्ट, सायराशसारखा. से तोंडातून निघून जातो, कुठं पडला बघत नाही. टेल मात्र माणसाच्या दारापर्यंत जाऊन येतो." कालिपा ओठ हलवत ते पाठ करायची. कणीक मळताना, शेण गोळा करताना, गाय बांधताना. तिचा उच्चार घोड्याच्या टापांसारखा खडबडीत होता, पण सोयरीक कधी चुकायची नाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. खरं तर सांगायचा कंटाळा येतो. पण तेवढ्यासाठीच तुम्हाला बसवलंय.

हॉलंडची एक बाई आली होती. मारिट तिचं नाव. उंच, उन्हानं नाक सोललेली, पन्नाशीकडे झुकलेली. तिची भाषा आमच्यातल्या कोणालाच येत नव्हती. इंग्रजी तिचीही उसनी, कालिपाचीही उसनी, म्हणून दोघींचं चांगलं जमलं. मारिट तिला कालिपा एजे म्हणायची आणि चुलीपाशी बसून भाज्या चिरू लागायची. दोन-तीन दिवस राहून ती घोड्यावरून वर कुरणात गेली. मंगळवारी संध्याकाळी परत येणार होती.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. आमच्या घरात फोनला फक्त माझ्या शेजारच्या खिडकीतच आवाज पोचतो, म्हणून तो तिथल्या कट्ट्यावरच ठेवलेला असतो. कालिपानं पिठाचे हात पुसून तो कानाला लावला. मारिटची बहीण बोलत होती. वरच्या कुरणात फोन चालत नाही, म्हणून तिनं मारिटनं देऊन ठेवलेला या घरचा नंबर लावला होता.

फोनवर हात नसतात, चेहरा नसतो, नुसता आवाज असतो. आजवर कालिपा अशा वेळी फोन सरळ एजेकडे पळवत न्यायची. त्या दिवशी मात्र मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आधी तिचा चेहरा उजळला. तिला शब्दन् शब्द कळत होता. पहिल्यांदाच! आणि मग, जे कळत होतं ते तिच्यापर्यंत पोचलं.

मारिटचे वडील पहाटे गेले होते. शुक्रवारी सकाळी दफन होतं. बहीण म्हणत होती, ती आली की लगेच सांगा. म्हणजे ती रात्रीतून निघेल आणि उद्या पहाटेचं विमान गाठेल.

"येस," कालिपा म्हणाली. "आय टेल. आय प्रॉमिस."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. तुर्सुनायनं विचारलं, "अपा, काय झालं?" तुर्सुनाय सासूला अपा म्हणते. "बुरुलचा एजेला बोलाव," कालिपा एवढंच म्हणाली.

एजे आली आणि तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मुकान अताला निरोप धाडा."

मुकान अता म्हणजे गावातले सगळ्यांत थोर म्हातारे. आमच्याकडे मरणाची बातमी कोणी एकट्यानं, उभ्या-उभ्या सांगत नाही. आधी माणूस घरात घ्यायचा, बसवायचा, खायला घालायचं. चार वडीलधारी जमवायची. दोन बायकांनी दोन्ही बाजूंनी खेटून बसायचं, कोसळलं तर धरायला. मग थोर माणूस दुरून दुरून बोलायला लागतो. नद्या आटतात, झाडं वठतात, जन्मलेला कोण राहिलाय. ऐकणाऱ्याला हळूहळू उमगत जातं. त्याचं मन तिथं आपल्या पायांनी चालत जातं, कोणी ढकलत नाही.

"अता खालच्या खोऱ्यात वर्षश्राद्धाच्या जेवणाला गेलेत," तुर्सुनाय म्हणाली. "उद्या दुपारी येतील."

"मग उद्या दुपारी."

"एजे, तिची बहीण म्हणाली लगेच," कालिपा म्हणाली. "मी तिला शब्द दिलाय."

"लगेच म्हणजे कसं? घोड्यावरून उतरायच्या आत? लगाम हातात असताना?"

"विमान चुकेल तिचं."

"विमानं रोज उडतात, कालिपा. बाप एकदाच मरतो. ती पोर परक्या मुलखात आहे. इथं तिचं कोण आहे? आपणच ना? मग आपल्या लेकीला सांगू तसं सांगायचं."

 एजेचा आवाज खाली आला. "माझा भाऊ फौजेत गेला होता, माहितीय ना तुला. मी पाण्याला निघाले होते. डाकवाली बाई रस्त्याच्या पलीकडून ओरडली, अगं, तुझा भाऊ गेला! आणि सायकलवर बसून पुढं गेली. मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन उभी. खाली ठेवू का तशीच घरी नेऊ, तेच मला कळेना. कोणाच्याही लेकीच्या वाट्याला ते येऊ नये."

कालिपा उठली आणि नानसाठी कणीक मळू लागली.

संध्याकाळी मारिट आली. उन्हानं तांबडी झालेली, घोड्याच्या घामाचा वास येणारी, आनंदानं फुटायला आलेली. तिनं बघितलं, तर ताटात ताजा नान होता, सायीचा वाडगा होता, मध होता. सायराश न बोलावता साय घेऊन आली होती आणि गप्प बसली होती. सायराश गप्प बसली म्हणजे घराला आग लागली असं समजायचं. पण मारिटला हे कसं माहीत असणार?

"आज सण आहे?" तिनं विचारलं.

"नाही. तू दमलीस. खा," कालिपा म्हणाली.

मारिटनं खाल्लं आणि वरच्या गमती सांगितल्या. तिथं बिळातून जाड्या खारीसारखे मार्मोट कसे उभे राहतात आणि शीळ घालून आत कसे पळतात, ते तिनं सतरंजीवर उभं राहून, हात छातीशी धरून, दात बाहेर काढून करून दाखवलं. बायका हसल्या. काय करणार, हसू आलंच. कालिपाही हसली, आणि लगेच समोवारमध्ये निखारे घालायला म्हणून बाहेर गेली. समोवार भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकान अता आले. आणखी दोन म्हातारे आले. मेंढी कापली होती. मारिटला वाटलं, आपल्या निरोपाचं जेवण आहे. ती लाजली, धावत जाऊन पिशवीतून चॉकलेटं काढून आणली आणि सगळ्यांना वाटली. मुकान अतांनी त्यांचं चॉकलेट हातात धरून ठेवलं. ते वितळत होतं. एका बाजूला एजे बसली, दुसऱ्या बाजूला कालिपा. मारिट खूश होती, की दोघी तिला इतक्या खेटून बसल्यात.

अता बोलू लागले. त्यांच्यासारखं बोलणारं आता फारसं कोणी राहिलेलं नाही. वितळणारा बर्फ कुठं जातो, जुना गरुड शेवटचा कुठं उतरतो, ज्या दारातून माणूस येतो त्याच दारातून त्याला जावं लागतं, असं ते सावकाश, एकेक शब्द हातात घेऊन बोलले. सायराशचे डोळे भरले. मारिटनं एजेकडे बघितलं. एजेनं भाषांतर करायला तोंड उघडलं.

"नदी... थांबत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "बर्फ थांबत नाही. माणूस... थांबत नाही."

मारिटनं मान डोलावली. "सुंदर," ती म्हणाली.

एजेनं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, इतकी वर्षं लोक माझ्याकडे बघताहेत, पण तसं कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या खिशांत चहा होता. अंथरूण होतं. घोड्यावर बसणं, दार लावणं, भांडी घासणं होतं. पाहुण्यांना लागेल ते सगळं होतं. मरणाचा पुठ्ठा एजेनं कधी कापलाच नव्हता. पाहुणे उन्हाळ्यात येतात आणि हसत जातात. त्यांच्याशी तसलं कशाला बोलावं लागणार, असं तिला वाटलं होतं. ती आणखी एक-दोन वाक्यं चाचपडली, त्यांतही नदीच आली.

अतांचं बोलणं संपलं. सगळे मारिटकडे बघू लागले. मारिटनं सगळ्यांकडे बघितलं, तिच्या लक्षात आलं की आपल्याकडून काहीतरी अपेक्षित आहे. आमच्याकडे आशीर्वाद संपला की काय करतात, ते ती शिकली होती. तिनं दोन्ही तळवे वर केले, चेहऱ्यावरून फिरवले आणि मोठ्या प्रेमानं म्हणाली, "ओमीन!"

तिला वाटलं होतं, तो आशीर्वाद होता.

 मग मारिट उठली आणि खिडकीशी आली, अगदी माझ्याजवळ. तिनं आपला फोन काढला. "माझ्या वडिलांना असले म्हातारे फार आवडतात," ती म्हणाली. "त्यांना आत्ता फोन लावते. अतांना पुन्हा थोडं बोलायला सांगा ना. त्यांना नुसता आवाज ऐकू दे."

कालिपानं तिचं मनगट धरलं.

"मारिट," ती म्हणाली, तिच्या त्या खडबडीत इंग्रजीत. "तुझे वडील मेले. काल पहाटे. बहीण फोन. मला माहीत, काल सकाळी."

बस, एवढंच. त्यात नदी नव्हती, बर्फ नव्हता.

मारिट तिच्याकडे बघत राहिली. "काल सकाळी?"

"हो."

"मी परत आले तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

मग मारिटनं वळून खोलीकडे बघितलं. मांसाची ताटं, म्हातारे, मांडीवर हात घेऊन बसलेल्या बायका, दाराशी तुर्सुनाय. "सगळ्यांनाच माहीत होतं," ती म्हणाली. "काल मी इथं मार्मोट करून दाखवत होते. आणि तुम्ही हसत होतात."

सायराशनं रडायला गळा काढला. आमच्या बायका मयतीत रडतात तशी, सुरात, मोठ्यानं. ती हात पसरून मारिटला कवटाळायला पुढे झाली. मारिट एकदम मागे सरली. तिची पाठ माझ्यावर आपटली, आणि माझ्या कोपऱ्याच्या खिळ्यानं त्याच वेळी अंग सैल केलं. "नको," ती म्हणाली. "प्लीज, नको."

सायराशचे हात तसेच हवेत राहिले.

पुढचं भराभर झालं. एसेननं गाडी काढली. मारिटनं कपडे न घडी घालता पिशवीत कोंबले. कालिपानं फडक्यात नान बांधून तिच्या पिशवीत घातला. मारिटनं तो काढून टाकला नाही, पण कालिपाकडे बघितलंही नाही. निरोपाचा एक शब्द न बोलता ती गेली. धुळीचा लोट खिंडीपर्यंत दिसत होता.

मुकान अतांनी विचारलं, "आपलं काय चुकलं, पोरी?"

"चुकलं नाही, अता," एजे म्हणाली. ती एकाएकी फार म्हातारी दिसत होती. "तुम्ही फार छान सांगितलंत. तिला फक्त विमान हवं होतं."

बुधवारी पहाटेचं विमान गेलेलंच होतं. गुरुवारच्या विमानात जागा नव्हती. मारिट शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचली. माती टाकून झाली होती. हे त्या बहिणीनं फोनवर कालिपाला सांगितलं आणि कालिपानं एसेनला. तो दोन दिवस घोड्यांशीही बोलला नाही.

त्यानंतर वर्ग बंद पडला. कोणी तसं ठरवलं नव्हतं. पहिल्या बर्फानंतर बायका यायच्या, त्या आल्याच नाहीत. समोवार कोपऱ्यात गेला. शेवटी एके दुपारी एजे एकटीच आली. काखेत चहाचं रिकामं खोकं आणि हातात कात्री. तिनं माझ्यासमोर बसून पुठ्ठे कापले आणि जाड अक्षरांत लिहिलं. बॅड न्यूज. डाइड. व्हेरी सॉरी. कॉल होम. राइट नाऊ. अक्षरं वाकडी आली. माझे खिसे भरलेले होते. जागा करायला तिनं अंथरुणाचा आणि घोड्याचा पुठ्ठा काढला.

सायराश डोकावली. "हे काय एजे? पाहुणे आले की आता आधी मेल्याची बातमी?"

"आधी नाही गं. पण हाताशी असू दे."

"आणि अंथरूण? ते कसं सांगायचं?"

एजेनं कात्री खाली ठेवली, दोन्ही तळवे जोडले आणि गालाखाली धरले. सायराश आत आली आणि तिच्याशेजारी बसली. मग सायराशनंच नवे पुठ्ठे एकेक करून माझ्या खिशांत घातले. चुकीच्या घरात एकही गेला नाही.

हिवाळा सरत आला तेव्हा फोन वाजला. कालिपानं नाव बघितलं आणि तिचे हात थांबले. मारिट होती. तुर्सुनाय म्हणाली, "अपा, मी घेऊ?" कालिपानं मान हलवली आणि स्वतः फोन कानाला लावला. मला पलीकडचं काही ऐकू आलं नाही. कालिपा खिडकीशी उभी होती, मध्येच "येस" म्हणत होती, मध्येच नुसता हुंकार देत होती. चुलीवरचं दूध उतू गेलं. तिनं वळून पाहिलं नाही. चूल विझली तरी ती उभीच होती.

फोन ठेवल्यावर सायराश तिच्या अंगावरच गेली. "काय म्हणाली? ओरडली का?"

"वडिलांबद्दल बोलत होती."

"काय?"

"ते घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे. कालव्याच्या काठानं सायकलवरून जायचे. आणखी बरंच. मला अर्धंच कळलं."

"मग थांबवून विचारायचं नाहीस?"

"नाही. तिला सांगायचं होतं."

"आणि माफी? माफ केलं का तिनं आपल्याला?"

कालिपा उतू गेलेलं दूध पुसू लागली. "तो शब्द आला नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा बोलली, "पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करते म्हणाली."

तेव्हापासून मारिटचा फोन येतो. कधी महिन्यानं, कधी त्याहून उशिरा. ती परत आली नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. कालिपा मात्र तिचा फोन दुसऱ्या कोणाला घेऊ देत नाही.

आता तुर्सुनायच्या हातात नवा फोन आहे. त्यात किर्गिझ बोललं की इंग्रजी बाहेर येतं. पाहुणेही तेच करतात. माझ्या खिशांत कोणी हात घालत नाही. कोणी कंगवा ठेवतं, कोणी विजेच्या बिलाची पावती. बुरुलचा एजेचे गुडघे गेलेत, तिला उंबरठा ओलांडवत नाही. मी ओघळलेला असतो. तुर्सुनाय अधूनमधून म्हणते, "अपा, हा काढून टाकू या का? जागा अडते." कालिपा म्हणते, "राहू दे."

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात माझ्यासारखं एखादं जुनेर टांगलेलं असेल. त्याला टाचणी टोचू नका, जमलं तर एक टाका घाला. आणि एक ध्यानात ठेवा. कुठलीही भाषा शिकताना चहाचे, अंथरुणाचे, घोड्याचे शब्द शिकाच, पण त्यांचं हातवाऱ्यांवरही निभतं. ज्यांचं हातवाऱ्यांवर निभत नाही, त्या शब्दांना आधी एक खिसा मोकळा करा. आणि शब्द मिळाला की तो ज्याचा आहे त्याच्या हातात वेळेवर द्या. मला विचाराल, तर माझ्या खिशात शब्द वर्षानुवर्षं पडून राहिला तरी कापडाचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं.